डावऱ्याचं पातं

काकांच्या काही सवयी.

चहाचा कप डाव्या हाताने धरायचे. निम्मा चहा बशीत, थोडा शर्टावर. शर्टाची बटणंही डाव्या हाताने लावायचे, त्यामुळे कामावर रोज दहा मिनिटं उशीर. भिंत, पायरी, फरशी, कप, काहीही नवीन दिसलं की आधी नखाने वाजवून बघायचे. आवाज आवडला तर मान हलवायचे. नाही आवडला तर म्हणायचे, "पोकळ." माणसांबद्दलही हाच शब्द वापरायचे. रस्त्यात जाड काचेची बाटली दिसली की उचलून पिशवीत टाकायचे. बूड दगडासारखं फुटतं म्हणून कामाचं, बाकी कचरा. हात कामाच्या आधी धुवायचे, नंतर नाही. आणि दिवसातून निदान दहा वेळा नुसतं "तो" म्हणायचे. भाऊबंदकीत बिनसलं की घरात एखाद्याचं नाव घेणं बंद होतं, तसं.

तो म्हणजे डावरा. त्याला मरून बारा हजार वर्षं झाली होती.

मी संग्रहालयात लागलो तेव्हा साहित्याची पदवी ताजी होती. आदिमानवाच्या नव्या दालनासाठी माहितीच्या पाट्या लिहायच्या होत्या. एका पाटीला चाळीस शब्द. मला बसायला जागा नव्हती म्हणून तळमजल्यावर काकांच्या कार्यशाळेत एक टेबल मिळालं. सगळेच त्यांना काका म्हणायचे. खोलीला एकच खिडकी. जमिनीवर ताडपत्री, कोपऱ्यात दगडांचे ढीग, मधे बुटकं स्टूल. त्यावर काका. मांडीवर जाड चामड्याचा तुकडा, चामड्यावर दगड, हातात दुसरा दगड.

ते जुन्या हत्यारांच्या प्रती बनवायचे. खऱ्या वस्तू कपाटात कुलूपबंद. मुलांनी हातात घेऊन बघायच्या त्या काकांच्या.

"खऱ्या वस्तूवर काळ्या शाईत आकडा. प्रतीवर लाल ठिपका," बाई मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या. बाई म्हणजे आमच्या विभागप्रमुख. "यात गफलत झाली तर सगळं मुसळ केरात. काही वर्षांनी आपल्यालाच कळणार नाही खरं कुठलं."

"मला कळेल," काका म्हणाले.

"तुम्ही काय अमरपट्टा घेऊन आलाय?"

"तोवर त्याला हरवलं की झालं."

काका मुळात इथे आले होते फरशी बसवायला. बावीस वर्षांपूर्वी. जेवणाच्या सुट्टीत एका कपाटासमोर उभे राहिले. आत हातकुऱ्हाड होती आणि शेजारी आदिमानवाचं चित्र, दगडावर दगड आपटणारं. काका बाईंना म्हणाले, "असं नाही फुटत. असं मारलं तर बोट जाईल त्याचं." मग बागेतले दोन गोटे घेऊन पायरीवर बसले. अर्ध्या तासाने उठले तेव्हा हातात हातकुऱ्हाड होती आणि अंगठ्याला रक्त. बाईंनी फरशीचं काम दुसऱ्याला दिलं.

मला काकांचा हेवा वाटायचा. सरळच सांगतो. दगड दोनदा फिरवून बघायचे, कडेला नखाने टिचकी मारायचे, आणि एका फटक्यात पानासारखी ढलपी सुटायची. ती नेमकी कुठून सुटणार हे त्यांना आधी माहीत असायचं. मला माझ्या वाक्यांचं कधी माहीत नसायचं. चाळीस शब्दांसाठी मी चार कागद फाडायचो.

काकांना हेवा वाटायचा डावऱ्याचा.

नदीकाठच्या उत्खननात बाईंना त्याची बैठक सापडली होती. माणूस नाही, नुसती बैठक. जमिनीवर ढलप्यांचा सडा आणि मधे मांडी घातलेल्या माणसाएवढी रिकामी जागा. ढलप्या कुठल्या बाजूला उडाल्या होत्या ते बघून बाई म्हणाल्या, बहुधा डावखुरा असावा. डावरा हे नाव काकांनी ठेवलं. ढलप्या चकमकीच्या होत्या, आणि तो दगड जवळपास कुठे मिळत नाही. दोन दिवस चालल्यावर एक डोंगर लागतो, तिथला.

एकदा चहाच्या वेळी बाई सांगत होत्या.

"कारखान्याच्या जागी माल सापडत नाही. भंगार सापडतं. माल गेलेला असतो. त्याने शेकडो पाती काढली. त्याच्या टोळीला एवढी लागत नव्हती. मग कुणी नेली? बदल्यात काय दिलं? वीस वर्षं मी हेच शोधतेय. आणि हा दिवसभर दगड फोडायचा, तर याच्या पोटाला कोण आणत होतं?"

"म्हणजे तो शिकारीला जात नव्हता?" काकांनी विचारलं.

"फारसा नसेल."

"कंदमुळं खणायला?"

"वेळ कुठे होता?"

"बसून खात होता लेकाचा."

"काम करून बसून खात होता. ही साधी गोष्ट नाही, काका. एका माणसाचा हात सगळ्यांना पोसावासा वाटला. तिथून पुढे सगळं बदललं."

काकांनी कप खाली ठेवला. त्या दिवशी त्यांनी तीन चांगले दगड वाया घालवले.

"बघ," संध्याकाळी ताडपत्री झाडताना मला म्हणाले. "त्याची पाती घेऊन लोक कुठे कुठे चालत गेले. माझं पातं घेऊन कुणी या जिन्यापर्यंतसुद्धा गेलं नाही."

काकांचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन, खिडकीशी. काकू लोकांचे कपडे दुरुस्त करायच्या. चेन बदलणं, कंबर सैल करणं, कॉलर उलटवणं. संग्रहालयाकडून काकांना धड काही मिळत नव्हतं तेव्हा सात वर्षं ते मशीन चाललं म्हणून चूल चालली. ही गोष्ट काकूंनी मला सांगितली. काकांनी कधीच नाही.

एका रविवारी दुपारी मी तिथे होतो. काका डाव्या हाताने जेवत होते आणि अर्धं ताटाबाहेर पडत होतं.

"अहो, लहान मूल बरं तुमच्यापेक्षा," काकू म्हणाल्या.

"सवय करतोय."

"कशाची? सांडायची?" काकू माझ्याकडे वळल्या. "तुला सांगते, लोकांच्या नवऱ्यांना बायांचा नाद असतो. माझ्या नशिबी बारा हजार वर्षांची सवत. तीही पुरुष. मी भांडू कुणाशी?"

"अगं, कामासाठी आहे ते. त्याचा हात डावा होता."

"असेना. त्याला कोण जेवायला घालत होतं ते सापडलं का तुमच्या बाईंना?"

"टोळी," काका म्हणाले.

"टोळी म्हणजे कोण? बायाच ना? त्याच्या बैठकीशेजारी आणखी काय सापडलं?"

काकांना आठवेना. मला माहीत होतं, कारण त्या वस्तूची पाटी मीच लिहिली होती. "एक घासदगड," मी म्हणालो. "दाणे रगडायचा. मधे झिजलेला."

"बघा," काकू म्हणाल्या आणि मशीनवर जाऊन बसल्या. "तिचं नाव काय ठेवलंत?"

तिचं नाव कुणी ठेवलं नव्हतं.

काका डावा हात वळवत होते त्याला कारण होतं. बाई आणि त्यांच्या दोन विद्यार्थ्यांनी तीन वर्षं बसून डावऱ्याचा एक दगड परत जोडला होता. सत्तेचाळीस तुकडे. सुटी झालेली कोबीची पानं पुन्हा गड्ड्याला लावावीत तसे. फसलेले, तुटलेले, टाकून दिलेले सगळे तुकडे जागेवर बसले. फक्त एका ठिकाणी बोटभर लांबीची पोकळी राहिली. तिथून निघालेलं पातं सापडलं नव्हतं. तेवढंच चांगलं उतरलं असणार, म्हणून तेवढंच गेलं. पोकळीत प्लास्टर ओतून त्या पात्याचा आकार काढला होता. हा दगड दालनाच्या मधोमध ठेवायचा होता, पोकळी भरून.

ती कोण भरणार यावरून सगळं झालं. संग्रहालयाने नुकतंच एक यंत्र घेतलं होतं. कुठल्याही वस्तूचा आकार मोजून ते प्लास्टिकचे थर चढवत तशीच वस्तू बनवायचं. समितीचं म्हणणं होतं, आता दगड फोडायला माणूस कशाला? खोली यंत्राला द्या. बाई भांडल्या. शेवटी ठरलं ते असं. उद्घाटनाला सहा आठवडे आहेत. काकांनी फोडलेलं दगडी पातं त्या पोकळीत बसलं तर कार्यशाळा राहील. नाही बसलं तर यंत्र आत, काका बाहेर.

यंत्राने आपलं पातं एका दिवसात दिलं. ते पोकळीत अचूक बसलं. काकांनी ते हातात घेऊन आपल्या डब्यातल्या कागदावर ओढलं. कागद चुरगळला, कापला नाही.

"पोकळ," काका म्हणाले.

मग ते बसले. दगड दोनदा सारखा फुटत नाही. डावऱ्याचं पातं टोकाशी किंचित वळलेलं होतं. उजव्या हाताने मारलं की वळण उलटं यायचं, डाव्याने मारलं की जोर कमी पडायचा. चौथ्या आठवड्यापर्यंत एकशे नव्वद पाती झाली. त्यातलं एकही बसलं नाही. काही फक्त केसभर अडायची.

"जरा घासलं तर?" मी एकदा विचारलं.

"घासून बसवलं तर ते पातं नाही. बूच."

पण त्याला ते पक्के ओळखायला लागले होते. "हे बघ," भिंगाखाली एक ढलपी धरून मला म्हणाले. "फटका मारायच्या आधी तो कडेला तीन टिचक्या मारतो. बारीक. उजव्या अंगाला. दरवेळी तीन. दोन नाही, चार नाही. कड ठिसूळ असली तरी तीन, घट्ट असली तरी तीन. मेल्याची खोड." आवाजात राग होता. कुणाला स्वतःच्या बायकोबद्दलही इतकं बारकाईने बोलताना मी ऐकलं नव्हतं.

पाचव्या आठवड्यात बाईंनी काकांना वरच्या कोठारात पाठवलं. समुद्रकिनाऱ्यावर फार पूर्वी एक उत्खनन झालं होतं. तिथल्या शिंपल्यांच्या मण्यांचा खण दालनात ठेवायचा होता. काका खण घेऊन आले. जरा उशिरा आले. त्या दिवशी त्यांनी एकही दगड फोडला नाही.

दोन दिवसांनी जेवणाच्या सुट्टीनंतर मी खोलीत आलो तर काका उभे होते. टेबलावर डावऱ्याचा दगड. पोकळी नव्हती. लाल ठिपक्याचं पातं तिथे बसलेलं.

मी बाईंना हाक मारली. बाईंनी भिंग लावलं. मग भिंग बाजूला ठेवून डोळे पुसले. समिती आली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही तर गुरूच्या वरताण निघालात." कार्यशाळा राहिली. यंत्र दुसऱ्या मजल्यावर गेलं.

मला आनंद झाला. पोटातही दुखलं. माझ्या सव्वीस पाट्यांसाठी कुणी टाळी वाजवली नव्हती. काका मात्र लग्नात चुकून शिरलेल्या माणसासारखे भिंतीला टेकून उभे होते. त्या दिवसापासून चहाचा कप त्यांनी उजव्या हातात धरला.

आता त्या दगडाची पाटी राहिली होती. मी जीव ओतून लिहिली. शेवटी लिहिलं, "त्याचं हे पातं कुणी नेलं, कुठे नेलं, हे आता कधीच कळणार नाही. पोकळीतलं पातं आमच्या कारागिराने घडवलेलं आहे." वाक्यं मला आवडली होती. मी ती काकांना वाचून दाखवली.

काकांनी पुन्हा वाचायला लावली. मग दार लावून आले.

"दुसरं वाक्य खोटं आहे," ते म्हणाले. "पहिलंही."

मला वाटलं, विनय.

"ते त्याचंच आहे. शिंपल्यांच्या खणात होतं. खाली, कोपऱ्यात. मी मणी मोजून घेत होतो. तीन टिचक्या दिसल्या."

मी हातातला कागद खाली ठेवला.

"सगळे जेवायला गेले तेव्हा लावून पाहिलं. टक् करून बसलं. तसा आवाज मी बावीस वर्षांत काढला नाही." काका स्टुलावर बसले. "त्याच्यावर काळा आकडा होता. तुझ्या काकूच्या कपाटातून नखाचा रंग काढायचं औषध आणलं. आकडा पुसला. लाल ठिपका दिला. आणि माझं एक पातं, केसभर अडणारं, त्यावर तोच आकडा घालून खणात ठेवलं."

"म्हणजे त्या खणात—"

"माझं पडलंय. खरं म्हणून. आणि इथे त्याचं, माझं म्हणून." ते हसले, पण नुसतं तोंडाने. "आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी. पहिल्या दिवशी वाटलं, जिंकलो. माझं पातं खऱ्यात खपलं, कुणाच्या बापाला कळलं नाही. आणि त्याच्या डोक्यावर माझा ठिपका. मग त्या अध्यक्षाने पाठ थोपटली. कौतुक कुणाचं करत होता तो? त्याचंच ना? माझ्या तोंडावर माझ्याच खोलीत त्याचं कौतुक."

मी पाटीची शेवटची दोन वाक्यं खोडली. शब्दांवर पोट भरणारा माणूस मी.

"ते सुद्धा गिळलं असतं," काका म्हणाले. "पण तू लिहिलंस, कधीच कळणार नाही. किनारा इथून किती लांब? बाईच सांगतात, चालत चार दिवस. चार दिवस, अरे. कुणीतरी ते गुंडाळून, धार जपून तिथवर नेलं. बदल्यात शिंपले आणले. बाई वीस वर्षं हेच विचारतायत आणि उत्तर माझ्या हातात. मी काय केलं? ते चार दिवस मोडीत काढले. पातं परत त्याच भोकात नेऊन बसवलं. जसं कधी कुठे गेलंच नव्हतं."

"बाईंना सांगा."

"सांगणार. पण आधी आकडे जागेवर घालतो. मग त्यांच्यासमोर जातो. खोटा माल हातात घेऊन नाही जायचं. दालनाची काच परवा लागेल. उद्याचा दिवस आहे."

"कार्यशाळा जाईल, काका."

"जाईल."

मग चामड्याची घडी करत म्हणाले, "तुला सांगू? नुसता हात चांगला असता तर मी इतका जळलो नसतो. माझाही बरा आहे. त्याला कुणीतरी जेवायला आणून देत होतं आणि त्याला ते ठाऊक होतं. मला तिने सात वर्षं आणून दिलं. मी तिकडे बघितलंच नाही. मी याच्याकडे बघत होतो."

दुसऱ्या दिवशी मी अकराला पोचलो. रात्रभर पाऊण पान लिहून फाडलं होतं, म्हणून उशीर. खोलीबाहेर माणसं होती. पहारेकऱ्याने मला दंडाला धरून थांबवलं. काका ताडपत्रीवर होते, स्टुलाशेजारी, कुशीवर. डॉक्टर येऊन गेले होते. हृदय, म्हणाले. पाच मिनिटंसुद्धा लागली नसतील.

काकूंना आणायला बाई गेल्या. काकू आल्या तेव्हा गळ्यात मोजमापाची फीत तशीच होती. त्यांनी काकांचे हात बघितले. "धुतलेत," म्हणाल्या. मग मला विचारलं, "काम चालू होतं का?"

मी टेबलाकडे बघितलं. टेबल स्वच्छ होतं. डावीकडे त्यांचं स्वतःचं पातं, खणातून परत आणलेलं. आकडा पुसलेला, लाल ठिपका ओला. आधी स्वतःचं काम उरकलं होतं. उजवीकडे फडक्यावर डावऱ्याचं पातं. त्याचा लाल ठिपका साफ गेलेला. शेजारी काळी शाई, उघडी. बारीक निब जमिनीवर पडलेलं.

बाईंनी ते पातं उचललं. "हे काय? प्रतीवर आकडा का घालत होते?"

मी त्यांना सगळं सांगितलं. काकूंच्या समोरच. बाई स्टुलावर बसल्या. बराच वेळ पातं बोटांत फिरवत राहिल्या. मग भिंग मागितलं. मी दिलं. कडेवरच्या टिचक्या त्यांनी मोठ्याने मोजल्या. तीन. मग किनाऱ्याच्या खणाची वही काढायला सांगितली. वहीत त्या पात्याचा आकडा होता, इंग्रजी आकड्यांत, चार एक आठ शून्य सहा.

पात्यावर काकांनी चार लिहिला होता. एक लिहिला होता. आठाचा वरचा गोल पूर्ण होता. खालचा अर्ध्यावर.